कमरेची सुपारी

आमच्या दुकानात सुपारीच्या दोन बरण्या होत्या. एक देवाची, एक खायची. देवाची सुपारी लहान, गोल आणि दगडासारखी कडक. ती पूजेत गणपती म्हणून मांडतात, नवग्रह म्हणून मांडतात, आणि ज्याची बायको हजर नाही अशा माणसाला पूजेला बसायचं असेल तर बायकोच्या जागी त्याच्या कमरेला खोचतात. खायची सुपारी मोठी, ठिसूळ, आतून नक्षी असलेली. एखाद्या गिऱ्हाइकाने देवाच्या बरणीकडे बोट दाखवून "ही पानात चालेल ना?" असं विचारलं की माझ्या नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. "पूजेची खात नाहीत," एवढंच तो म्हणायचा आणि दुसऱ्या बरणीचं झाकण उघडायचा. त्याला मी तोंडावर 'अहो' म्हणायचे. मनातल्या मनात 'तो'च म्हणायचे, आणि लिहितानाही तसंच म्हणणार आहे. ह्या वयात मला आता कोण बोलणार?

दुकान मुलुंडला होतं. स्टेशन मागे टाकून चेकनाक्याच्या दिशेने निघालं की डाव्या हाताला, शिंप्याच्या आणि गिरणवाल्याच्या मध्ये. गिरणवाला म्हणजे पिठाचा. कापडाच्या गिरणीत माझा नवरा होता, परळला, साचे चालवायला. ती गिरणी संपात बंद पडली ती पुन्हा उघडलीच नाही. मग माझ्या भावाचा रिकामा पडलेला गाळा आम्ही घेतला आणि पूजेच्या सामानाचं दुकान टाकलं.

आमच्या जातीच्या माणसाने हे दुकान टाकणं ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. भाऊ म्हणाला, पाटीवर आडनाव घालू नका, लोक नारळसुद्धा घेणार नाहीत. नवऱ्याने आडनाव घातलं, तेही दुकानाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात. पण एकदा आडनाव घातल्यावर, आता कुणाला बोट ठेवायला जागा नको, असं त्याच्या डोक्यात बसलं. आंघोळ केल्याशिवाय शटरला हात लावायचा नाही. चपला बाहेर. दुकानात मासळीचं नाव काढायचं नाही. आम्ही मालवणकडची माणसं, मासळीचं नाव काढायचं नाही म्हणजे बोलायचं तरी काय, असं मी विचारायचे. पण दुकान चाललं. लोक 'त्यांच्याकडचं सामान चोख असतं' म्हणू लागले. जवळच्या चाळीतले एक म्हातारे गुरुजीही आमच्याशी जोडले गेले. गिऱ्हाईक आमच्याकडे सामान सांगायचं आणि आम्ही सामानासकट गुरुजी पाठवायचो.

ते दोघं आमच्याकडे सुरुवातीपासून येत. एक ठेंगणा, गोरटेला, बँकेत नोकरीला. दुसरा उंच, भांडुपच्या कारखान्यात फिटर. दोघं तिशीच्या पुढचे, नाक्याजवळ एका भाड्याच्या खोलीत राहणारे. दर मंगळवारी संध्याकाळी गणपतीसाठी हार आणि दुर्वा न्यायचे. बँकवाला बोलघेवडा होता, फिटर नुसता मान हलवायचा. मला दोघंही आवडायचे, कारण ते कधी घासाघीस करत नसत आणि मला 'वहिनी' म्हणून माझ्या गुडघ्याची चौकशी करत.

पूजेच्या दुकानात लग्नाची स्थळं आपोआप फिरतात. आमच्या एका गिऱ्हाइकाची मुलगी लग्नाची होती, बँकवाल्याच्याच जातीतली. त्यांनी नवऱ्याला सांगितलं, जरा चाचपून बघा. नवऱ्याला असली कामं आवडायची. एका मंगळवारी त्याने हार बांधता बांधता विषय काढला. मुलगी सुगरण आहे, शिवण येतं, घर चांगलं आहे. बँकवाल्याने सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाला, "दादा, त्या बिचारीचं वाटोळं कशाला करायचं? मला लग्न नाही करायचं. आम्ही दोघं एकत्र राहतो ना. तुम्ही आणि वहिनी राहता, तसंच."

त्या काळात असं कुणी बोलत नसे. कुजबुज असायची, हसणं असायचं. पण भर दुकानात, काउंटरवर हात ठेवून, जणू 'आज दुर्वा कोवळ्या आहेत' असं म्हणावं तसं कुणी म्हणत नसे. फिटर खाली मान घालून चपलेकडे बघत उभा राहिला. नवऱ्याने हार पुडीत घातला आणि पुडी काउंटरवर ठेवली.

त्या दिवसापासून तो त्यांना काही हातात देईनासा झाला. बोलायचा नाही असं नाही. 'काय देऊ' विचारायचा, पण माल काउंटरवर ठेवून बोटाने पुढे सरकवायचा. पैसेही ताटलीत टाकायला लावायचा. इतर गिऱ्हाइकांना मात्र हातात. माझ्या हे लक्षात यायला फार वेळ लागला नाही, आणि आल्यावर माझ्या मस्तकात तिडीक गेली. का गेली ते पुढे सांगते.

अशात त्या दोघांनी घर घेतलं. नाक्यापलीकडे नवीन बिल्डिंग उठली होती, तिथे एक खोली आणि स्वयंपाकघर. दोघांच्या नावावर. ते वास्तुशांतीचं सांगायला दुकानात आले तेव्हा फिटर पहिल्यांदाच मोठं वाक्य बोलला. त्याची आई गावाहून आली होती. तिचा एक डोळा कधीचाच गेला होता आणि दुसऱ्यात मोतीबिंदू पिकला होता. इस्पितळात ऑपरेशनची तारीख मिळाली होती. पण म्हातारी परळला भाचीकडे उतरली होती आणि मुलाच्या घरात पाय ठेवायला तयार नव्हती. वास्तुशांत न केलेल्या घरात मी पाणी पिणार नाही आणि त्या घरातून ऑपरेशनला जाणार नाही, म्हणाली. भाचीकडे दोन खोल्यांत आठ माणसं. ऑपरेशननंतर तिथे पडून राहणं शक्य नव्हतं. नाहीतर मी अशीच गावाला परत जाते, म्हणत होती. आणि गावाला परत गेली की दुसराही डोळा गेला, हे डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं.

"एका गुरुजींना विचारलं होतं," फिटर म्हणाला. "ते नाही म्हणाले. तुमचे गुरुजी तुम्ही सांगितलं तर येतील."

नवरा बरणीचं झाकण लावत राहिला. ते आधीच लागलेलं होतं. मग म्हणाला, "माझ्याकडून होणार नाही."

"काय नाही होणार?" बँकवाला म्हणाला.

"तुमच्या घरी पूजा. तुम्ही काय करता ते तुमचं तुमच्यापाशी. मी कुणाला सांगायला जात नाही. पण मी देवाधर्माचं मानणारा माणूस आहे. तसल्या घरात माझ्या हातून होम पेटायला नको. माझ्या मनाला नाही पटत."

बँकवाल्याचा चेहरा लाल झाला. "चल," तो फिटरला म्हणाला. "ठाण्यात काय दुकानं नाहीत?" फिटर हलला नाही. तो माझ्याकडे बघत होता. त्याला आईचा डोळा दिसत होता आणि मला त्याचा चेहरा दिसत होता. मी म्हटलं, तुम्ही उद्या या. नवऱ्याने माझ्याकडे असं बघितलं की दुसरी एखादी असती तर आत गेली असती.

नेमके त्याच वेळी आमचे एक वकील गिऱ्हाईक दुकानात होते, चतुर्थीच्या दुर्वा घ्यायला आलेले. ठाण्याच्या कोर्टात जायचे. सगळं ऐकून गालात हसत होते. दोघं गेल्यावर नवऱ्याने त्यांनाच साक्षीला घेतलं. "साहेब, सांगा. दुकान माझं, धर्म माझा. मला कुणी जबरदस्ती करू शकतं?"

"जात विचारून नारळ नाकारलास तर तुला आत टाकतील," वकील म्हणाले. "धर्म बघून कुणाला दुकानाच्या पायरीवरून हाकललंस तर घटना तुझा कान धरील. पण ही भानगड त्यात कुठेच बसत नाही. उलट कायदा अजून ह्यांनाच गुन्हेगार समजतो. तुला कुणी काही करणार नाही."

"म्हणजे मी बरोबर."

"तुला कुणी अडवणार नाही एवढंच म्हटलं मी. बरोबर आहेस असं कुठे म्हटलं?" असं म्हणून त्यांनी दुर्वा पिशवीत टाकल्या आणि निघून गेले. वकिलांचं हे बरं असतं, दोन्ही बाजूंनी बोलून घरी जेवायला जातात.

त्या रात्री जेवताना आमचं वाजलं. भांडण मीच काढलं. नवरा म्हणत होता की मी कुणाचं वाईट चिंतत नाही, पण माझं मन मला सांगतं ते मी ऐकायचं की नाही? सरकार काय, वकील काय, माझ्या मनात घुसून मला पूजा करायला लावू शकत नाही. आणि उद्या लोक म्हणतील, ह्यांच्या दुकानातून तसल्या घरी होम गेला. आपल्याला तर एवढं निमित्त पुरतं. खरं सांगायचं तर त्याचं सगळंच बोलणं मला चुकीचं वाटत नव्हतं. माणसाच्या मनाविरुद्ध त्याला देवापुढे बसवू नये, हे मलाही पटतं. पण ते काउंटरवरून बोटाने सरकवणं मला सहन होत नव्हतं.

माझे सासरे एक आठवण नेहमी सांगायचे. गावच्या वाण्याकडे मीठ आणायला गेलं की पायरीखाली उभं राहायचं आणि ओंजळ पुढे करायची. वाणी वरून मीठ सोडायचा. अर्धं ओंजळीत, अर्धं मातीत. सासरे ते मातीतलं मीठ वेचून घ्यायचे. हे सांगताना ते हसायचे, आणि ते हसणं ऐकवायचं नाही.

मी ताट बाजूला सारलं आणि म्हटलं, "तुमच्या बाबांच्या ओंजळीत वरून मीठ सोडणारा वाणीपण देवाधर्माचं मानणाराच होता. त्याच्यापण मनाला पटत नव्हतं."

नवरा उठला. त्याने हात धुतले आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. ताटात कालवण तसंच राहिलं. तो ताटात टाकणारा माणूस नव्हता. मला वाटलं, मी जरा जास्तच बोलले. मग वाटलं, नाही, बरोबर तेवढंच बोलले.

सकाळी चहा पिताना तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "सामान देतो. सामान म्हणजे माल. मालाला काय, कुणीही न्यावा. गुरुजींना पण सांगतो, त्यांना जायचं तर जाऊ देत. मी त्या घरात पाय ठेवणार नाही. तूही नाही." त्याने आपल्यापुरती एक रेघ ओढून घेतली होती. मी हो म्हटलं. मिळालं तेवढं पदरात पाडून घ्यावं. गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले, मला घर पवित्र करायला बोलावतात, ते आधीच पवित्र असलं तर मला कशाला बोलावतील? मला त्यांच्या पायाच पडावंसं वाटलं.

पण गुरुजींनी जाता जाता एक गोष्ट सांगून ठेवली. मेहूण बघून ठेवा. वास्तुशांतीला एक नवरा-बायकोचं जोडपं जेवायला बोलावतात, त्याला मेहूण म्हणतात. लक्ष्मीनारायण म्हणून पहिला मान त्यांचा. ते जेवल्याशिवाय त्या घरचं कुणी जेवत नाही. दोघांनी बिल्डिंगमध्ये विचारलं. कुणी गावाला जाणार होतं, कुणाच्या घरात सुतक निघालं, एकीला त्या दिवशी नेमका उपास होता. सगळी अडचण कळली तेव्हा फिटर दुकानात येऊन मला एवढंच म्हणाला, "वहिनी, आता राहू दे. आई परवाच्या एसटीने जाणार म्हणते." मी नवऱ्याकडे बघितलं. तो उदबत्त्यांचे पुडे रचत होता. त्याने ऐकलं होतं, पण पुडे रचत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हातारी स्वतःच दुकानात आली. नऊवारी लुगडं, हाडकुळी, मान जरा वर करून चालणारी, ज्यांना नीट दिसत नाही ती माणसं चालतात तशी. मुलाला म्हणाली, तू भायर रव. मग काउंटर चाचपून उभी राहिली.

"दुकानदार खंय आसा?"

"ह्यो काय मी," नवरा म्हणाला. मालवणी ऐकली की तो मालवणीतच उत्तर द्यायचा, कितीही रागात असला तरी.

"खंयचो तू?"

त्याने गाव सांगितलं. तिचं गाव नदीच्या पलीकडचं निघालं. मग तिने आडनाव विचारलं. पाटी तिला वाचता आली नसती, दिसत असतं तरीही. नवऱ्याने आडनाव सांगितलं, ते नेहमी सांगायचा तसं, जरा छाती पुढे काढून. गावाकडच्या माणसाला त्या आडनावावरून सगळं कळतं. मी हातातलं काम सोडून उभी राहिले.

"म्हणजे खालच्या वाडीतलो," म्हातारी म्हणाली.

"होय."

"तुमच्या वाडीतल्या माणसाक आमच्या घरात पंगतीक बसवल्याला माका आठवणा नाय. माझ्या सासऱ्याच्या वेळेक नाय, घोवाच्या वेळेक नाय." मग म्हणाली, "परवा माझ्या झिलाच्या घरात बसशीत? बायलेक घेवन येशीत? माका मेहूण होया."

नवऱ्याने हात पंच्याला पुसले. "बिल्डिंगीत कोण नाय गावलो म्हणान इलास?"

"होय," म्हातारी म्हणाली. "खोटा कित्या सांगू? कोण नाय गावलो. पण नाय गावलो तां बरा झाला."

माझ्या नवऱ्याला आयुष्यात कुणी परक्याने मेहूण म्हणून बोलावलं नव्हतं. शेकडो घरांची मेहुणं जेवायला बसण्याचं सामान त्याने आपल्या हाताने बांधलं होतं, विड्याची पानं मोजून दिली होती, पण ती पंगत त्याने दारातूनच बघितली होती. हे मला ठाऊक होतं. तो कधी बोलला नव्हता, मीही कधी काढलं नव्हतं. त्याने समोरचा एक कागद उचलला, घडी घातली, पुन्हा उघडला.

"किती वाजता?" तो म्हणाला.

म्हातारी गेल्यावर त्याने मला ऐकवलं, "मेहुणाचं आमंत्रण परत पाठवत नाहीत. ते देवाचं असतं." मी हो म्हटलं आणि आतल्या बाजूला जाऊन तोंडावर पदर धरला. काय काय बोलायचं होतं मला! पण जीभ चावून गप्प बसले. बाईला कुठे थांबायचं ते कळलं पाहिजे, असं माझी आई म्हणायची, आणि त्या दिवशी मला ते पहिल्यांदा जमलं.

पूजेच्या दिवशी घर छोटं पण लख्ख होतं. भिंतींना नव्या रंगाचा वास येत होता. बँकेतले दोन सहकारी आले होते, बिल्डिंगमधलं कुणीही नव्हतं. समोरच्या ब्लॉकचं दार थोडंसं उघडं होतं आणि त्या फटीत एक डोळा होता. ही बाई गावाला जाणार होती. नवरा इस्त्रीचा शर्ट घालून भिंतीला टेकून बसला, नजर होमकुंडाच्या विटांवर.

गुरुजींनी विचारलं, "यजमान कोण?"

"दोघं," बँकवाला म्हणाला.

"पूजेला सपत्नीक बसायचं असतं. पत्नी नसेल तर कमरेला सुपारी लावायची." त्यांनी फिटरला पाट दाखवला आणि एक सुपारी त्याच्या हातात ठेवली. फिटरने ती धोतराच्या निऱ्यांत खोचली. बँकवाला मागे सरून भिंतीपाशी उभा राहिला. स्वतःच्या घरात पाहुण्यासारखा. 

"घर कोणाच्या नावावर आसा?" म्हातारी कोपऱ्यातून म्हणाली.

"दोघांच्या, आई."

"मग दोघांका बसवा. दोघांकव सुपारी लावा."

गुरुजी विचारात पडले. मग म्हणाले, घराचे दोन धनी असले तर दोघं बसू शकतात, त्यात काही वावगं नाही. पण सुपारी कुठून आणायची? तबकातली प्रत्येक सुपारी कुठल्या ना कुठल्या ग्रहाची म्हणून मांडून झाली होती. "आता काय शनीला उठवू?" गुरुजी म्हणाले.

तेव्हा माझा नवरा बोलला. "जास्तीची आहे. पुडीच्या तळाला बघा." प्रत्येक पूजेच्या सामानात एक सुपारी वरकड टाकायची ही आमच्या दुकानाची पद्धत. एखादी हमखास घरंगळून कपाटाखाली जाते आणि ऐन वेळी सगळे जमिनीवर रांगत बसतात. कुणाला ती सापडेना, तेव्हा तो स्वतः उठला, पुडी उलटी करून झटकली, सुपारी उचलली आणि बँकवाल्यापुढे धरली. बँकवाल्याने सवयीने त्याच्यासमोर जमिनीकडे बघितलं, आता तो ती खाली ठेवील म्हणून. नवऱ्याने ती त्याच्या तळहातावर ठेवली.

मग ते दोघं शेजारी शेजारी पाटावर बसले, दोघांच्याही कमरेला एकेक सुपारीची बायको. गुरुजी मंत्र म्हणू लागले. बँकवाल्याची सुपारी पहिल्याच नमस्काराला सुटून टणटण उड्या मारत होमकुंडाकडे गेली. "अरे, तुझी पळाली!" गुरुजी मंत्राच्या मध्येच म्हणाले. पहिला हसला तो माझा नवरा. गदगदून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग फिटर हसला, मग सगळेच. मला इतकं सुटल्यासारखं वाटलं की मी हसते आहे की रडते आहे हे माझं मलाच कळेना.

जेवायला आम्ही आधी बसलो. म्हातारीने चाचपत चाचपत स्वतःच्या हाताने आम्हाला वाढलं. वरण नवऱ्याच्या भातावर कमी आणि पानाबाहेर जास्त पडलं. तो पान चाटूनपुसून जेवला आणि पुन्हा भात मागितला. आमचं जेवण चाललं असतानाच समोरची बाई दार उघडून आली. प्रसादाला नाही म्हणू नये म्हणून आले, म्हणाली. तिच्या मागून वरच्या मजल्यावरची, तिच्या मागून तिची सासू. उपासवालीने तर पुरणपोळी खाल्ली.

म्हातारी त्या रात्री मुलाकडेच राहिली. ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. फिटर कामावरून येताना दुकानात डोकावून सांगून गेला, "दिसतंय. पट्टी काढली. तिला माझा शर्ट दिसला." एवढं सांगताना तो उंच माणूस काउंटरला धरून उभा होता. नवऱ्याने त्याला आतून स्टूल काढून दिलं. मी देवापुढे साखर ठेवली. मला त्या म्हातारीची काळजी होती, आणि त्याहून जास्त काळजी ह्याची होती की तिचं काही कमीजास्त झालं तर नवऱ्याच्या मनातलं भूत पुन्हा जागं होईल.

काही आठवड्यांनी ती आली. डोळ्यांना बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा. दोघं तिला सोडायला आले होते, त्यांना तिने रस्त्यातच उभं केलं. काउंटरपाशी येऊन तिने नवऱ्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"आवाजावरसून माका वाटलेला मोठो माणूस असतलो," ती म्हणाली. "एवढोसोच तर आसस."

मग तिने पदराची गाठ सोडली. दोन सुपाऱ्या काढून काउंटरवर ठेवल्या. "ह्यो तुझ्याच दुकानातल्यो. परत घे."

"पूजेतली वस्तू परत घेत नाय, आये. पाण्यात सोडूची."

"ही देवाची सुपारी नाय. बायल घरात नाय म्हणान लावलेली ही. त्या घरात कोण नाय असा नाय. दोघव आसत. मगे हिचा काय काम?"

दुकानात कुणी नव्हतं हे बरं झालं. नवरा सुपाऱ्यांकडे बघत राहिला. "तुमका ठाऊक होता?" त्याने हळूच विचारलं.

"डोळे गेल्ले रे, कान नाय," म्हातारी म्हणाली. "दरसाल दोघव गावाक येयत. आंधळ्या माणसाक दुसरा काम काय? ऐकत रवायचा. दोन माणसां एकमेकांशी कशी बोलतत तां ऐकलंय. तेचो बापूस माझ्याशी अख्ख्या जन्मात तसो बोलाक नाय." तिने चष्मा सारखा केला. "तेच्या लग्नाची पंगत काय होवची नाय. म्हणान वास्तूची मागलंय. चार माणसां जेवली की घर घर होता. डोळ्यांचा निमित्त केलंय."

म्हणजे ती गावाला परत जाणारच नव्हती. एसटी नाही, काही नाही. सगळ्यांना तिने पळवलं होतं, डॉक्टरांपासून गुरुजींपर्यंत, आणि सगळ्यात जास्त आम्हाला. मला राग यायला हवा होता. पण छातीवरचं ओझं कुणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं वाटलं. आता कुणालाच कुणापासून काही लपवायचं नव्हतं.

नवऱ्याने काउंटरखालून अडकित्ता काढला आणि त्यातली एक सुपारी पात्यात धरली.

"अहो, पूजेची खात नाहीत," मी म्हटलं.

"ऐकलं नाहीस? आये काय म्हणाली? ही देवाची नाही." त्याने जोर लावला. सुपारी इतकी कडक की अडकित्ता घसरला. पुन्हा जोर लावून त्याने तिची खांडं केली, मग दुसरीची केली. एक खांड म्हातारीला दिलं.

"माका दात खंय आसत?"

"चघळा."

मला एक दिलं, एक स्वतःच्या तोंडात टाकलं. मग रस्त्याकडे वाकून त्याने हाक मारली. "अरे, उन्हात काय उभे राहिलात दोघं? आत या." दोघं आत आले. त्याने दोघांच्या तळहातांवर एकेक खांड ठेवलं. त्यांनी ते तोंडात टाकलं, चावायचा प्रयत्न केला आणि एकमेकांकडे बघितलं.

"कसली सुपारी आहे ही, दादा?" बँकवाला गालात खांड फिरवत म्हणाला.

"खायची," माझा नवरा म्हणाला.